सामायिक अनामत : सहभाडेकरूंमधील एक वाद

भाड्याच्या घराचा व्यवहार दोन पक्षांमधला असतो, असे आपण सामान्यतः मानतो : एक घरमालक आणि दुसरा भाडेकरू. अनामत रकमेवरून होणारे तंटेही बहुधा याच दोघांत होतात. परंतु मोठ्या शहरांतून तीन-चार नोकरदार मिळून एखादी सदनिका भाड्याने घेतात, तेव्हा आणखी एका निराळ्या तंट्याची शक्यता निर्माण होते. घरमालकाने अनामत परत केलेली असते. त्याच्याविषयी कोणाची फारशी तक्रार नसते. आणि तरीही ज्यांनी ती रक्कम मिळून भरली होती, तेच एकमेकांचे धनको आणि ऋणको होऊन बसतात. एका हातात आलेले पैसे कोणाचे किती, हा प्रश्न मागे उरतो. हा वाद कसा उद्भवतो, कायदा त्याकडे कोणत्या दृष्टीने पाहतो आणि तो टाळण्यासाठी काय करता येते, याचा विचार येथे करावयाचा आहे.

या विचारासाठी बंगळूरमधील सर्जापूर रोड हा भाग सोयीचा आहे. कोरमंगला आणि अगर यांच्या बाजूने निघालेला हा रस्ता इब्लूरच्या चौकात बाह्य वर्तुळमार्ग ओलांडतो आणि आग्नेय दिशेने आनेकल तालुक्यातील सर्जापूर गावाकडे जातो. वाटेवरील कैकोंड्रहळ्ळी, कसवनहळ्ळी, दोड्डकन्नेल्ली, कोडती, दोम्मसंद्र ही नावे ऐकली की एकेकाळी येथे खेडी, तळी आणि शेते होती, हे सहज ध्यानात येते. दोड्डकन्नेल्ली येथे विप्रो या संगणक-व्यवसायातील कंपनीचे मुख्यालय आहे, आणि बाह्य वर्तुळमार्गावरील कचेऱ्याही येथून जवळ पडतात. साहजिकच या रस्त्याच्या दोन्ही अंगांना मोठमोठी गृहसंकुले उभी राहिली. पुणे, सोलापूर, नागपूर, कोल्हापूर अशा ठिकाणांहून नोकरीसाठी आलेली मराठी तरुण मंडळीही देशाच्या इतर भागांतील तरुणांबरोबर अशा संकुलांत एकत्र राहतात. एकट्याला न परवडणारे घर तिघांना परवडते. परंतु तिघांनी मिळून घेतलेले घर सोडताना मात्र तिघे एकाच दिवशी निघत नाहीत. वादाचे बीज नेमके येथे आहे.

दहा महिन्यांची ठेव

बंगळूरमध्ये घरभाड्याच्या दहा महिन्यांइतकी रक्कम अनामत म्हणून घेण्याची प्रथा दीर्घकाळ चालत आलेली आहे. स्थानिक बोलण्यात तिला ‘अॅडव्हान्स’ असे म्हणतात. अलीकडे काही ठिकाणी याहून कमी रकमेवरही व्यवहार ठरतात; तथापि जुनी प्रथा पुरती गेली आहे असे नाही. घर सोडताना रंगकामासाठी म्हणून एक महिन्याचे भाडे कापून घेण्याचा प्रघातही तेथे सर्वत्र आढळतो.

ही ठेव तिच्या जवळच्या दोन प्रकारांपासून वेगळी ओळखली पाहिजे. मुंबईच्या जुन्या चाळींमधली पागडी भाडेकरूला ठेव म्हणून परत मिळत नसे. कब्जा देण्याघेण्याचा तो मोबदला होता. बंगळूरमध्ये ‘भोग्य’ नावाचा आणखी एक व्यवहार आहे. त्यात राहणारा मनुष्य घरमालकाला एक मोठी रक्कम एकदम देतो आणि मासिक भाडे देत नाही. त्या रकमेचे व्याज हेच भाडे, असा त्यातला हिशेब असतो. आपल्याकडील ताबेगहाणाशी त्याचे साम्य दिसते. अनामत रक्कम मात्र या दोन्हींहून निराळी होय. ती भाड्याव्यतिरिक्त दिलेली असते, भाडेकरूच्या जबाबदाऱ्यांचे तारण म्हणून ठेवलेली असते, आणि त्या जबाबदाऱ्या वळत्या करून उरलेली सर्व रक्कम देणाऱ्याचीच असते.

अनामतीच्या रकमेवर कायद्याचे बंधन आहे काय? १९९९ चा कर्नाटक भाडे कायदा ३१ डिसेंबर २००१ पासून अमलात आला. पण ज्या जागांचे मासिक भाडे मोठ्या शहरांत ३,५०० रुपयांपेक्षा अधिक आहे, त्यांना तो लागू होत नाही. सर्जापूर रोडवरील सदनिका त्यामुळे त्याच्या कक्षेबाहेर राहतात. केंद्र शासनाने २०२१ साली संमत केलेल्या नमुना भाडेकरार कायद्यात निवासी जागेसाठी अनामतीची कमाल मर्यादा दोन महिन्यांचे भाडे इतकी सुचविली आहे. परंतु तो नमुना आहे, आणि एखाद्या राज्याने तशा आशयाचा कायदा केल्याखेरीज त्या राज्यात त्याचे बंधन निर्माण होत नाही. म्हणून येथील व्यवहार मुख्यत्वे दोन जुन्या कायद्यांच्या आधारे चालतो : १८७२ चा भारतीय करार कायदा आणि १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा.

करारपत्र बहुधा अकरा महिन्यांचे असते. एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी कायद्याने आवश्यक आहे. ती टाळण्यासाठी एक महिना कमी करण्याची युक्ती देशभर रूढ झाली. महाराष्ट्रात परिस्थिती थोडी वेगळी आहे. तेथे २००० साली अमलात आलेल्या भाडे नियंत्रण कायद्यान्वये असा करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे व ती जबाबदारी घरमालकाची आहे. तथापि, पुण्यातला नोंदणीकृत करार असो की बंगळूरमधला अकरा महिन्यांचा कागद असो, एक गोष्ट त्यांत सहसा नसते : अनामतीपैकी कोणी किती भरले, ही नोंद. घरमालकाला ती नको असते, आणि मित्रांना तिची गरज वाटत नाही.

एक उदाहरण

वादाचे स्वरूप स्पष्ट होण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, तीन खोल्यांच्या एका सदनिकेचे भाडे दरमहा ४५,००० रुपये ठरले आणि अनामत ४,५०,००० रुपये. खोल्या लहानमोठ्या असल्याने तिघांनी भाडे वाटून घेतले ते असे : पहिल्याने १८,०००, दुसऱ्याने १५,००० आणि तिसऱ्याने १२,०००. अनामतही त्याच प्रमाणात, म्हणजे अनुक्रमे १,८०,०००, १,५०,००० आणि १,२०,००० रुपये, अशी भरली. करारपत्र पहिल्याच्या एकट्याच्या नावावर झाले.

चौदा महिन्यांनी दुसऱ्याची बदली झाली. त्याच्या जागी चौथा आला. त्याने घरमालकाला काही न देता दुसऱ्याला परस्पर १,४०,००० रुपये दिले. पुढे रंगकामाची कपात होईल तिचा दुसऱ्याच्या वाट्याचा अंदाज म्हणून १०,००० रुपये त्याने राखून ठेवले. विसाव्या महिन्याअखेरीस तिसरा निघून गेला. त्याच्या खोलीसाठी कोणी मिळाले नाही. उरलेल्या चार महिन्यांचे त्या खोलीचे भाडे, एकूण ४८,००० रुपये, पहिल्याने आणि चौथ्याने निम्मे निम्मे भरले. चोवीस महिन्यांनी त्यांनीही घर सोडले. घरमालकाने रंगकामाचे ४५,०००, स्वयंपाकघरातील बिघडलेल्या धुराड्याचे ९,००० आणि पहिल्याच्या खोलीतील मोडलेल्या कपाटाचे १८,००० रुपये कापून उरलेले ३,७८,००० रुपये पहिल्याच्या बँकखात्यात जमा केले.

आता प्रत्येकाचे म्हणणे ऐका. पहिला म्हणतो, करार माझ्या नावावर होता, अखेरपर्यंत घर मी सांभाळले, सगळ्यांचे हिशेब मिटल्याखेरीज मी कोणाला काही देणार नाही. तिसरा म्हणतो, मी गेलो तेव्हा माझी खोली नीट होती; मला माझे १,२०,००० रुपये पूर्ण हवेत. चौथा म्हणतो, तिसऱ्याने वाऱ्यावर सोडल्यामुळे आम्हाला २४,००० रुपयांचा भुर्दंड बसला. तो त्याच्या रकमेतून वळता झालाच पाहिजे. दुसराही दूरच्या शहरातून कळवितो, की माझ्या चौदा महिन्यांच्या वास्तव्याला दहा हजारांची कपात जास्त झाली. यांपैकी कोणीही लबाड नाही. प्रत्येकजण स्वतःच्या बाजूने खरेच बोलत आहे. आणि तरीही चौघांच्या मागण्यांची बेरीज हाती असलेल्या रकमेहून अधिक होते.

बाहेरून एक, आतून अनेक

या गुंत्याची किल्ली एका साध्या भेदात आहे. घरमालकाच्या दृष्टीने सहभाडेकरू हा एक पक्ष असतो; परस्परांच्या दृष्टीने ते अनेक असतात. बाहेरचे नाते आणि आतले नाते यांचे नियम वेगळे आहेत, आणि एकाचा नियम दुसऱ्याला लावला की अन्याय होतो.

प्रथम बाहेरचे नाते पाहू. अनेकांनी मिळून एखादे वचन दिले असेल, तर त्यांच्यापैकी कोणाही एकाकडून सर्व वचन पुरे करून घेण्याचा अधिकार समोरच्या पक्षाला करार कायद्याचे कलम ४३ देते. म्हणजे करारावर तिघांची नावे असली, तर घरमालक पूर्ण भाडे एकट्याकडूनही मागू शकतो. ‘माझ्या वाट्याचे मी दिले आहे’ हे उत्तर त्याच्यापुढे चालत नाही. उलट बाजूने, अनेकांना मिळून जे येणे असते ते मागण्याचा हक्क कलम ४५ प्रमाणे सर्वांचा मिळून असतो. आणि कलम ३८ असे सांगते, की संयुक्त धनकोंपैकी एकाला देऊ केलेली रक्कम ही सर्वांना देऊ केल्यासारखीच समजावी. एकाने परस्पर पावती दिली तर इतरांचा घरमालकावरील हक्क कितपत संपतो, याविषयी निरनिराळ्या उच्च न्यायालयांत मतभेद झालेले आहेत. परंतु आपल्या उदाहरणाप्रमाणे करारपत्रावर एकट्याचेच नाव असले, तर मतभेदाला फारसा वाव राहत नाही. घरमालकाने त्या नावाच्या माणसाला रक्कम दिली, की त्याचे कर्तव्य संपले. तिसऱ्याने त्याच्या दारी जाण्यात अर्थ नाही.

पण येथेच एक मोठा गैरसमज उत्पन्न होतो. घरमालकाला ज्याची पावती पुरेशी आहे, तोच त्या रकमेचा मालक आहे, असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः पावती देण्याचा अधिकार आणि रकमेची मालकी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्या कलम ४३ ने घरमालकाला एकाकडून सर्व वसूल करण्याची मुभा दिली, तेच कलम पुढे सांगते, की ज्याने सर्वांचे भरले त्याला इतरांकडून त्यांचा त्यांचा वाटा मागता येतो, आणि निराळा करार नसेल तर हे वाटे समान धरावेत. आतल्या नात्यात प्रत्येकाचा हिशेब स्वतंत्र आहे, हेच यातून सूचित होते. वाटे समान धरण्याचा नियम मात्र पुराव्याच्या अभावी वापरायचा आहे. आपल्या उदाहरणात प्रत्येकाने किती भरले हे बँकेच्या नोंदींवरून सिद्ध होत असल्याने त्याची गरज पडणार नाही.

ज्याच्या हाती दुसऱ्याचा पैसा आला

एखाद्याच्या हाती दुसऱ्याचे पैसे आले तर ते परत करण्याचे बंधन त्याच्यावर का येते? पहिल्याने तिसऱ्याला तसे लेखी वचन कधीच दिलेले नव्हते. या प्रश्नाचा विचार न्यायशास्त्राने फार पूर्वीपासून केलेला आहे. मनुस्मृतीत व्यवहाराची, म्हणजे न्यायालयात येणाऱ्या तंट्यांची, अठरा पदे सांगितली आहेत. त्यांतील दुसरे पद निक्षेप, म्हणजे विश्वासाने दुसऱ्याजवळ ठेवलेली ठेव, हे आहे. आणि चौथे पद संभूयसमुत्थान, म्हणजे अनेकांनी मिळून केलेला उद्योग, हे आहे. आपला वाद जणू या दोन पदांच्या सीमेवरचा आहे : ठेव खरी, पण मिळून ठेवलेली. याज्ञवल्क्यस्मृतीवरील ‘मिताक्षरा’ ही प्रसिद्ध टीका लिहिणारा विज्ञानेश्वर चालुक्यराजा सहावा विक्रमादित्य याच्या कल्याण या राजधानीत होऊन गेला. आज ते नगर बसवकल्याण या नावाने कर्नाटकातील बीदर जिल्ह्यात आहे. त्याच्या ग्रंथातही या दोन्ही पदांचे सविस्तर विवेचन आहे.

इंग्लंडमध्ये १७६० साली मोझेस विरुद्ध मॅकफर्लन या खटल्यात लॉर्ड मॅन्सफील्ड या न्यायाधीशाने हेच तत्त्व दुसऱ्या मार्गाने मांडले. एखाद्याच्या हाती असा पैसा आला असेल, की जो आपल्याकडे ठेवणे न्यायाला आणि सदसद्विवेकाला धरून होणार नाही, तर करार नसतानाही तो परत करण्याचे बंधन त्याच्यावर येते, असा त्या निर्णयाचा आशय होता. आपल्या १९६३ च्या मुदत कायद्यातही या प्रकारच्या दाव्यासाठी स्वतंत्र तरतूद आहे. दुसऱ्यासाठी म्हणून स्वीकारलेली रक्कम वसूल करण्याच्या दाव्याची मुदत तीन वर्षे असून ती रक्कम हाती आल्याच्या दिवसापासून मोजली जाते. म्हणजे पहिल्याच्या खात्यात पैसे जमा झाले, त्या दिवसापासून तिसऱ्याची तीन वर्षे सुरू होतात. ‘आज देतो, उद्या देतो’ अशा मित्रत्वाच्या आश्वासनांवर ही मुदत संपू देणे धोक्याचे ठरते.

हा विश्वासघाताचा गुन्हा आहे काय, असे रागाच्या भरात विचारले जाते, आणि काहीजण पोलीस ठाण्याची पायरीही चढतात. १८६० च्या भारतीय दंड संहितेत अपहाराचे स्वरूप समजावण्यासाठी एक सुंदर उदाहरण दिलेले होते. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेतही ते कायम आहे. एका घोड्याचे दोन सामायिक मालक आहेत. त्यांपैकी एकाने घोडा वापरण्यासाठी नेला, तर तो गुन्हा नाही, कारण वापरण्याचा त्याला हक्कच आहे. परंतु त्याने घोडा विकून सर्व किंमत स्वतःच लाटली, तर तो अपहार होय. अनामतीच्या बाबतीत या उदाहरणाचा बोध असा, की रक्कम एकाच्या खात्यात आली म्हणून गुन्हा होत नाही; वाट्यांविषयी प्रामाणिक मतभेद असल्यामुळे ती काही काळ अडून राहिली, तरीही नाही. गुन्ह्यासाठी अप्रामाणिक हेतू लागतो, आणि तो सिद्ध करणे कठीण असते. म्हणूनच असे बहुतेक तंटे दिवाणी स्वरूपाचे ठरतात.

वजावटींची वर्गवारी

आता आपल्या उदाहरणाचा हिशेब सोडवू. वाद मिटविण्याचा पहिला नियम असा, की कापलेल्या रकमेचे कारणानुसार गट पाडावेत. एकूण कपात सरसकट वाटून टाकू नये.

काही खर्च घरासाठी असतात. रंगकाम त्यांपैकी एक. तो कोणाच्या चुकीने उद्भवत नाही. म्हणून तो अनामतीच्या वाट्यांच्या प्रमाणात सोसावा. ४५,००० रुपये हे एकूण अनामतीच्या एक-दशांश होतात. तेव्हा पहिल्याला १८,०००, चौथ्याला १५,००० आणि तिसऱ्याला १२,००० रुपये सोसावे लागतील. काही खर्च सर्वांच्या सारख्या वापरातून येतात. धुराड्याचे ९,००० रुपये अशा प्रकारचे असल्याने ते प्रत्येकी ३,००० असे वाटणे योग्य. आणि काही खर्च एकाच्याच कृतीमुळे होतात. कपाट पहिल्याच्या खोलीतले होते. त्याचे १८,००० रुपये त्यानेच सोसले पाहिजेत. या ठिकाणी मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम १०८ लक्षात ठेवण्याजोगे आहे. भाडेकरूने जागा जशी मिळाली तशी परत करावयाची असते. परंतु रोजच्या वापराने होणारी वाजवी झीज त्यातून वगळलेली आहे. घरमालकाने झिजेचे पैसे कापले असतील, तर ते कोणी सोसावेत हे ठरविण्यापूर्वी ते मुळात कापायला हवे होते काय, हा प्रश्न सर्वांनी मिळून त्याला विचारला पाहिजे.

या वर्गवारीनंतर पहिल्याला १,४१,०००, चौथ्याला १,३२,००० आणि तिसऱ्याला १,०५,००० रुपये मिळतात. तिन्हींची बेरीज ३,७८,००० होते. दुसऱ्याचे काय? त्याने चौथ्याबरोबर आपला हिशेब त्याच वेळी पुरा केला होता. रंगकामाचा त्या खोलीचा वाटा पुढे १५,००० निघाला. चोवीस महिन्यांपैकी चौदा महिन्यांच्या मानाने दुसऱ्याकडे ८,७५० रुपयेच आले असते, हे खरे. परंतु दोघांनी अंदाजाने एक आकडा मान्य करून व्यवहार मिटविला असेल, तर पुढे आकडा थोडा इकडेतिकडे झाला म्हणून तो पुन्हा उकरता येत नाही. मिटलेला हिशेब मिटलेलाच राहिला पाहिजे. एरवी कोणताच हिशेब कधी मिटणार नाही.

रिकाम्या खोलीचे भाडे

सर्वांत अवघड प्रश्न रिकाम्या खोलीचा आहे. तिसऱ्याने चार महिन्यांचे भाडे द्यावे की नाही? ते पूर्ण धरले, तर त्याच्या हाती १,०५,००० ऐवजी ५७,००० रुपयेच उरतात. एखाद्या तरुणाच्या कित्येक महिन्यांच्या बचतीइतका हा फरक आहे.

याचे उत्तर तिघांच्या आपसातील बोलण्यात शोधावे लागते. तिसऱ्याचे नाव करारपत्रावर नाही. तेव्हा घरमालकाशी त्याचे थेट बंधन दाखविता येत नाही. पण इतरांशी त्याने काही ठरविले होते की नाही? ‘एक महिना आधी सांगून जावे’ असे बोलणे झाले असेल आणि त्याने तसे सांगितले असेल, तर त्याच्याकडे काहीच निघत नाही. न सांगता गेला असेल, तर एका महिन्याचे १२,००० रुपये त्याने द्यावेत. मग त्याचा वाटा ९३,००० होतो आणि इतर दोघांना प्रत्येकी ६,००० रुपये अधिक मिळतात. ‘बदली माणूस आणून द्यावा’ असे स्पष्टपणे ठरले असेल, तर दायित्व आणखी वाढते. तथापि इतरांनीही माणूस शोधण्याचा वाजवी प्रयत्न केला पाहिजे. नुकसान सोसणाऱ्याने ते कमी करण्याचे उपाय हाती असूनही योजले नाहीत, तर त्याला सर्व भरपाई मागता येत नाही, असे करार कायद्याच्या कलम ७३ चे धोरण आहे. आलेल्या प्रत्येक इच्छुकाला नाकारून खोली रिकामी ठेवली आणि भाडे मात्र निघून गेलेल्याच्या नावावर लिहिले, हे न्यायाचे नव्हे.

येथे आणखी एका गोष्टीकडे बहुधा दुर्लक्ष होते. तिसरा गेल्यानंतर चार महिने त्याचे १,२०,००० रुपये घरमालकाजवळच होते, आणि त्यांच्या आधारावर उरलेले दोघे घरात राहत होते. जो गेला त्याची ठेव, जे राहिले त्यांच्या उपयोगी पडत होती. एका अर्थाने ते त्याने दिलेले बिनव्याजी कर्जच होते. रिकाम्या खोलीच्या भुर्दंडाची गोष्ट बोलताना पारड्याच्या दुसऱ्या बाजूला हेही ठेवले पाहिजे.

अन्य देशांतील व्यवस्था

ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स या राज्यात १९७७ च्या कायद्याने अनामतीसाठी स्वतंत्र मंडळ स्थापन झाले. ठेव घरमालकाच्या खिशात न राहता त्या मंडळाकडे जमा होते. तेथील २०१० च्या कायद्याने सहभाडेकरूंचाही विचार केला आहे. एखादा सहभाडेकरू रीतसर बाहेर पडला आणि त्याने मागणी केली, तर उरलेल्यांनी त्याच्याकडून येणे असलेली रक्कम वजा करून त्याचा अनामतीतील वाटा चौदा दिवसांत त्याला द्यावा, असा सर्वसाधारण नियम आहे. जाणाऱ्याच्या ठेवीवर राहणाऱ्यांनी फुकट बसू नये, हे तत्त्व तेथे कायद्यात उतरले आहे.

इंग्लंडमध्ये २००४ च्या गृहनिर्माण कायद्यान्वये एप्रिल २००७ पासून बहुतेक खासगी भाडेपट्ट्यांची अनामत मान्यताप्राप्त योजनेत सुरक्षित ठेवावी लागते. सहभाडेकरू असतील तर त्यांच्यापैकी एकाला प्रमुख म्हणून नेमण्याची पद्धत तेथे आहे. त्यामुळे घरमालकाशी होणारा वाद सुटण्यास मदत होते. परंतु प्रमुखाच्या हाती पैसे आल्यावर आपसात वाटणी कशी करायची, हे तेथेही ज्याचे त्यालाच पाहावे लागते. आतल्या नात्याचा प्रश्न केवळ बंगळूरचा नव्हे, हे यावरून स्पष्ट होईल.

उपाय

वाद निर्माण झालाच, तर प्रथम एक लेखी हिशेब मांडून तो सर्वांना पाठवावा. त्यात घरमालकाने कापलेल्या रकमांचे तपशील जोडावेत आणि ज्या रकमेविषयी वाद नाही ती लगेच देऊन टाकावी. आपल्या उदाहरणात तिसऱ्याला किमान ५७,००० रुपये देणे आहेत, हे सर्वांना मान्य आहे. मग उरलेल्या ४८,००० रुपयांच्या वादापायी तेही अडवून ठेवण्याचे कारण नाही. निर्विवाद रक्कम हाती पडली, की निम्मा राग शमतो.

एवढ्याने भागले नाही, तर १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याखालील लोकअदालतीचा मार्ग आहे. दावा दाखल करण्यापूर्वीही जिल्हा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. दोन्ही पक्षांच्या संमतीने झालेल्या तडजोडीला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचे बळ असते आणि तिच्यावर अपील होत नाही. त्याच्या पुढची पायरी म्हणजे दिवाणी दावा. ग्राहक आयोगाकडे जाण्याचा सल्ला कधीकधी दिला जातो. परंतु सहभाडेकरू हा मोबदला घेऊन सेवा पुरविणारा नसल्याने तो मार्ग येथे उपयोगी पडत नाही. पुरावा म्हणून बँकेच्या नोंदी आणि भ्रमणध्वनीवरील संदेश मांडता येतात. २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे त्यांसोबत विहित प्रमाणपत्र जोडावे लागते. यासाठी जुने संदेश पुसून टाकू नयेत आणि पैसे पाठविताना ‘अनामतीचा वाटा’ असा उल्लेख करावा.

परंतु खरा उपाय वादाच्या आधीचा आहे, आणि तो अगदी साधा आहे. घरात येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाच्या वेळी एक पानभर टिपण करावे. कोण आला, कोण गेला, कोणत्या तारखेला. कोणी कोणाला किती दिले. कोणती कपात कशासाठी धरली. खोलीची स्थिती कशी होती. यापुढे अनामतीत कोणाचा किती वाटा आहे. सर्वांनी त्यावर सह्या कराव्यात, खोलीची छायाचित्रे जोडावीत आणि एक प्रत घरमालकाला कळवावी. जाण्यापूर्वी किती दिवस आधी सांगायचे आणि खोली रिकामी राहिली तर भाडे कोणी सोसायचे, हे पहिल्याच दिवशी ठरवावे. अशा टिपणाला मुद्रांकाच्या कागदाइतकी प्रतिष्ठा नसेल. पण दोन वर्षांनंतर स्मरणशक्तीवर विसंबून जे ठरवावे लागते, ते त्यात तेव्हाच ठरलेले असते.

मित्रांमध्ये लिहून घेणे हे अविश्वासाचे लक्षण आहे, असा आपल्याकडे समज आहे. या वादांकडे पाहिले की उलटच प्रत्यय येतो. मैत्री बिघडते ती बहुधा हिशेब मागितल्यामुळे नव्हे, तर हिशेब नसल्यामुळे. सहभाडेकरूंपैकी जो शेवटपर्यंत घरात राहतो, त्याच्या हाती सर्वांचे पैसे येतात. तो त्या पैशांचा मालक नसून राखणदार असतो. आणि ज्या राखणदाराजवळ लेखी नोंद आहे, त्याला स्वतःचा प्रामाणिकपणा सिद्ध करण्यासाठी वाद घालावा लागत नाही.